घनवादाचे अध्यापन आणि मिश्र माध्यम : बीड जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

माध्यमिक शाळेत घनवादाची ओळख करून दिली जाते तेव्हा तो बहुधा एक ‘शैली’ म्हणून समोर येतो. काढलेल्या चित्रावर पट्टीने रेषा मारायच्या आणि तयार झालेले तुकडे रंगवायचे, एवढ्यावर हा पाठ संपतो. घनवाद ही मुळात पाहण्याची एक शिस्त आहे. ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याचा सर्वांत सरळ मार्ग १९१२ नंतरच्या कोलाजमधून, म्हणजेच मिश्र माध्यमातून जातो, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. शासकीय रेखाकला परीक्षेचा अभ्यासक्रम, बीड जिल्ह्यातील सहज उपलब्ध साहित्य आणि तेथील विद्यार्थ्यांचे जीवन यांच्या अनुषंगाने या मार्गाच्या शक्यता व मर्यादा तपासल्या आहेत.

बीजशब्द : घनवाद, मिश्र माध्यम, कोलाज, रेखाकला परीक्षा, स्थिरचित्र, बीड जिल्हा.

प्रस्तावना

विसाव्या शतकातील चित्रकलेत जी मूलगामी स्थित्यंतरे झाली त्यांत घनवादाचे स्थान अग्रभागी आहे. पाब्लो पिकासोचे ‘आव्हिन्यॉंच्या तरुणी’ हे १९०७ चे चित्र आणि जॉर्ज ब्राकची १९०८ मधील लेस्ताक येथील निसर्गचित्रे यांपासून या चळवळीचा आरंभ मानला जातो. ब्राकच्या चित्रांत सारे काही घनाकारांत आणून बसविले आहे, असा उपहास लुई व्होसेल या समीक्षकाने १९०८ मध्ये केला आणि त्यातूनच चळवळीला नाव मिळाले. मराठीत ‘घनवाद’ हा प्रतिशब्द रूढ झाला तो याच नावाचा अनुवाद होय.

नावाचा हा इतिहास अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण गैरसमजाची सुरुवात नावापासूनच होते. ‘घनवाद म्हणजे घनाकारांचे चित्र’ अशी व्याख्या विद्यार्थी वहीत उतरवून घेतो आणि चित्रात चौकोनी ठोकळे शोधू लागतो. वास्तविक ज्या सेझानच्या विचारातून घनवादाला प्रेरणा मिळाली, त्याने १९०४ मध्ये एमिल बर्नारला लिहिलेल्या पत्रात निसर्गाकडे वृत्तचिती, गोल आणि शंकू यांच्या आधारे पाहावे असे सुचविले होते. त्या यादीत घन नाही. म्हणजे चळवळीचे नाव टीकाकाराने थट्टेने दिलेले, आणि ती थट्टाच पुढे शाळेत व्याख्या म्हणून शिकविली जाते, अशी ही विसंगती आहे.

ही विसंगती केवळ शब्दापुरती मर्यादित नाही. घनवाद नेमका कशासाठी शिकवायचा, हा प्रश्न तिच्यामागे दडलेला आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाला शालेय शिक्षणात मध्यवर्ती स्थान असावे असा आग्रह धरला आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलेच्या माध्यमातून अन्य विषय शिकविण्यावर भर दिला. मात्र धोरणातील कला आणि वर्गातील कला यांत अंतर आहे. ते कोठे आणि का पडते, हे पाहण्यासाठी घनवादासारखा अवघड वाटणारा विषय अधिक उपयोगी पडतो.

वर्गातील घनवाद : तीन गैरसमज

शालेय पातळीवर घनवादी चित्र म्हणून जे काढून घेतले जाते त्यात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकाराला ‘पट्टीचा घनवाद’ म्हणता येईल. विद्यार्थी नेहमीप्रमाणे तांब्या, फुलदाणी किंवा चेहरा काढतो. त्यावर पट्टीने आडव्या-तिरप्या रेषा मारतो आणि छेदणाऱ्या रेषांमुळे झालेले तुकडे पोस्टर रंगांच्या फिक्या-गडद छटांनी भरतो. चित्र आकर्षक दिसते, भिंतीवर शोभते. परंतु त्यात घनवाद नाही. तांब्या ज्या एका जागेवरून पाहिला त्याच जागेवरून तो दिसत राहतो, फक्त तडा गेलेल्या काचेमागून पाहावा तसा. तुटतो तो कागदाचा पृष्ठभाग. पाहण्याची पद्धत अभंग राहते. घनवादाचा मुद्दा नेमका याच्या उलट आहे. पाहणारा वस्तूभोवती फिरतो, वस्तू हातात घेतो, तिच्यात डोकावतो, तिच्याविषयी आधी जे ठाऊक आहे तेही आठवतो, आणि हे सारे एका सपाट पृष्ठभागावर एकत्र आणतो. तुकडे पडतात ते या एकत्र आणण्यामुळे. तुकडे पाडले म्हणून घनवाद साधत नाही.

दुसरा प्रकार नमुन्याच्या अनुकरणाचा. अर्धा चेहरा समोरून, अर्धा बाजूने, एक डोळा मोठा, एक लहान, अशी पिकासोच्या उत्तरकाळातील चित्रांवरून घेतलेली आकृती फळ्यावर काढली जाते आणि वर्ग ती उतरवून घेतो. येथे निदान दोन दृष्टिकोन एकत्र येतात. परंतु ते विद्यार्थ्याचे नसतात. त्याने कोणाच्याही चेहऱ्याभोवती फेरी मारलेली नसते. पन्नास वह्यांत एकच चेहरा उमटतो.

तिसरा प्रकार मिश्र माध्यमाशी संबंधित असून तो अधिक सूक्ष्म आहे. कागद, बटणे, दोरा, काड्या चिकटवून केलेल्या कामाला शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ या परिचित शीर्षकाखाली जागा मिळते. कार्यानुभवाच्या तासिकेत या उपक्रमाचे मोल आहेच. तथापि कोलाज आणि टाकाऊतून टिकाऊ यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. टाकाऊ बाटलीची फुलदाणी होते तेव्हा बाटली लपते, आणि ती जितकी लपेल तितके काम चांगले ठरते. घनवादी कोलाजमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा वाद्याचा भाग होतो आणि तरीही तो वर्तमानपत्र म्हणून वाचता येतो. एकाच तुकड्याचे हे दोन जन्म एकाच वेळी दिसले पाहिजेत. हा भेद शिक्षकाच्या मनात स्पष्ट नसेल तर मिश्र माध्यमाचा पाठ सजावटीकडे सरकतो.

१९१२ : वस्तू चित्रात शिरते

१९०९ ते १९१२ या काळातील विश्लेषणात्मक घनवाद माध्यमिक विद्यार्थ्याला अवघड जातो, यात नवल नाही. करड्या-तपकिरी रंगांतील, एकमेकांत मिसळलेल्या पातळ्यांची ती चित्रे प्रौढ प्रेक्षकालाही चटकन उलगडत नाहीत. अध्यापन येथून सुरू केले की विद्यार्थ्याला केवळ गोंधळ दिसतो आणि त्या गोंधळाचीच तो नक्कल करतो.

१९१२ मध्ये मात्र एक साधी पण निर्णायक गोष्ट घडली. पिकासोने ‘वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्र’ या लंबगोल चित्रात वेताची वीण छापलेले मेणकापड चिकटविले आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून कोळशाच्या रेखाटनावर चिकटविला. ब्राकचे घराणे घरांची रंगकामे करणाऱ्यांचे. लाकडाचा आभास निर्माण करण्याची कारागिरी तो त्या व्यवसायातच शिकला होता. म्हणजे आधुनिक कलेतील हा क्रांतिकारक शोध रंगाऱ्याच्या हातातून आलेला आहे. पिकासोने याच सुमारास पुठ्ठा, दोरा व तार यांपासून गिटार बांधली. संश्लेषणात्मक घनवाद म्हणून ओळखला जाणारा टप्पा येथून सुरू होतो.

या टप्प्याचे शैक्षणिक मोल तीन गोष्टींत आहे. एक, चिकटविण्यासाठी असामान्य रेखाटनकौशल्य लागत नाही, मात्र विचार लागतो. दोन, तुकडा हलविता येतो. रेषा मारली की ती खोडावी लागते, पण कापलेला आकार चिकटविण्यापूर्वी दहा ठिकाणी ठेवून पाहता येतो. रचनेचे शिक्षण या ठेवून पाहण्यातच आहे. तीन, साहित्य स्वतःचा अर्थ घेऊन येते. पिकासोने १९१२ मधील काही कोलाजमध्ये बाल्कन युद्धाच्या बातम्यांची कात्रणे वापरली. बाटली आणि पेला असलेल्या टेबलावर युद्ध येऊन बसले, आणि त्यासाठी चित्रकाराला युद्धाचे एकही दृश्य रंगवावे लागले नाही.

भारतीय पूर्वसूत्रे

घनवाद भारतात अपरिचित नव्हता. गगनेंद्रनाथ टागोर यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी घनवादी रचना केल्या. १९२२ मध्ये कोलकात्यात बाउहाउसच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले त्याच काळात त्यांच्या या चित्रांची चर्चा झाली आणि स्टेला क्रामरिश यांनी त्यांच्यावर लिहिले. गगनेंद्रनाथांनी घनवादातून घेतले ते प्रकाशाचे पैलू आणि गूढ अवकाश. वस्तूभोवती फिरणे हा त्यांचा विषय नव्हता.

महाराष्ट्राशी निकटचे दोन दाखले अधिक बोलके आहेत. इंदूरमध्ये जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनी ‘काटा’ या १९५५ च्या चित्रासारख्या कृतींत रोजच्या भारतीय जीवनातला साधा विषय घनवादी पातळ्यांत मांडला. बडोद्याच्या कलाशाळेत अनेक वर्षे अध्यापन करणाऱ्या या चित्रकाराने स्वतः मात्र कोणत्याही एका शैलीला बांधून घेतले नाही. मुंबईचे जहांगीर सबावाला पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्या अकादमीत शिकले. लोत हे घनवादाचे व्याकरण करून शिकविणारे नामांकित शिक्षक होते. सबावालांनी तेथून चौकट, पातळी आणि शिस्त घेतली आणि पुढे ती शिस्त भारतीय भूदृश्यांच्या शांत, विस्तीर्ण अवकाशाकडे वळविली.

लोत यांच्या अकादमीचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जाते. घनवाद शिकविता येतो का? पिकासो आणि ब्राक यांनी शाळा काढली नाही. ज्यांनी काढली त्यांच्याकडे घनवाद नियमांत बसला आणि काही हातांत तो साचा झाला. व्याकरण शिकवावे लागते, पण केवळ व्याकरणाने बोलणे येत नाही. बेंद्रे आणि सबावाला यांच्याकडून शाळेने घ्यायचा बोध हा की, जे शिकले ते स्वतःच्या परिसराकडे वळविल्यावरच त्याचा उपयोग झाला.

रेखाकला परीक्षेतील दडलेले दुवे

महाराष्ट्रातील शालेय चित्रकलेची चौकट मोठ्या प्रमाणात कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी घडविली आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे त्यांचे विषय खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यालाही पाठ असतात. दहावीच्या निकालात या परीक्षांच्या श्रेणीनुसार वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचेही त्यांच्याकडे लक्ष गेले आहे. या परीक्षांनी ग्रामीण भागात हाताला वळण लावले, हे निर्विवाद आहे. परंतु स्थिरचित्राच्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थी एका जागी बसतो आणि त्या जागेवरून जे दिसते तेवढेच काढतो. जागा सोडणे हा तेथे गैरप्रकार ठरतो. घनवादात जागा सोडणे ही पहिली अट आहे.

म्हणून या परीक्षा आणि घनवाद यांच्यात केवळ विरोधच आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. इंटरमिजिएटच्या घनभूमितीत विद्यार्थी एकाच घनाकृतीचे वरून दिसणारे आणि समोरून दिसणारे दृश्य काढतो. ही दृश्ये तो रेषेच्या वर आणि खाली, वेगवेगळी, काटेकोरपणे मांडतो. हीच दृश्ये एकमेकांत सरकवली तर काय होईल, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारला की घनवादाचे दार उघडते. आश्चर्य असे की ‘घन’ हा शब्द ज्या प्रश्नपत्रिकेत आहे तेथेच घनवादाची खरी पूर्वतयारी आहे, आणि ती चित्रकलेचा भाग म्हणून फारशी पाहिली जात नाही.

स्मरणचित्रातही असाच दुवा आहे. ‘आठवडी बाजार’ काढताना विद्यार्थी एका क्षणी एका जागेवरून दिसलेला बाजार काढत नाही. अनेक फेऱ्यांमध्ये साठलेला बाजार तो एका कागदावर आणतो. स्मृती स्वभावतःच अनेक दृष्टिकोन गोळा करते. अक्षरलेखनाचे तर घनवादाशी थेट नाते आहे. पिकासो व ब्राक यांनी छापील अक्षरे चित्रात आणली ती पृष्ठभागाची जाणीव टिकविण्यासाठी. चित्रकलेच्या तासिकेत सुटी सुटी शिकविली जाणारी ही तीन कौशल्ये घनवादाच्या पाठात प्रथमच एकमेकांना भेटू शकतात.

येथे वयाचाही विचार करावा लागतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मधील आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रविकासाचे टप्पे मांडले आहेत. लहान मूल विहीर वरून पाहिल्यासारखी गोल काढते आणि तिच्याकाठची माणसे बाजूने पाहिल्यासारखी उभी काढते. बारा-तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला ‘खऱ्यासारखे’ काढण्याची ओढ लागते. ते जमत नाही असे वाटले की अनेक मुले चित्र काढणे सोडून देतात. माध्यमिक शाळा नेमकी या वळणावर उभी असते. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पाहण्याचा दुसरा सन्मान्य मार्ग आहे, हे सांगण्याची ही शेवटची संधी असते. अर्थात लहान मुलाची विहीर म्हणजे घनवाद नव्हे. मुलाकडे जे अजाणता घडते ते घनवादात जाणीवपूर्वक केले जाते. शिक्षण या ‘जाणीवपूर्वक’मध्ये आहे.

बीड जिल्ह्याचे साहित्य आणि परंपरा

बीड जिल्ह्याचा विचार कलाशिक्षणाच्या चर्चेत सहसा अभावाच्या अंगाने होतो. अवर्षण, स्थलांतर, साधनांची कमतरता ही वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. परंतु मिश्र माध्यमाच्या दृष्टीने हा जिल्हा संपन्न आहे.

बालाघाटच्या डोंगररांगांत पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्थिरचित्रासाठी याहून चांगली वस्तू शोधावी लागणार नाही. सीताफळाची कातडी मुळातच लहान लहान उंचवट्यांची बनलेली असते. फळ पिकू लागले की त्यांच्यामधील फटी रुंदावतात, त्याला ‘डोळे उघडले’ असे म्हणतात. वरून पाहिले की देठाभोवतीची वर्तुळे दिसतात, बाजूने पाहिले की हृदयाकृती, आणि फोडले की पांढऱ्या गरात काळ्या बिया. बाह्यरूप, रचना आणि अंतरंग ही तीनही दर्शने विद्यार्थ्याला लहानपणापासून ठाऊक असतात. परीक्षेचे स्थिरचित्र त्यांपैकी एकच मागते.

सेझानचे वृत्तचिती, गोल आणि शंकू दाखविण्यासाठी प्लास्टरचे ठोकळेही लागत नाहीत. घरातील मडक्यांची उतरंड, धान्याची कणगी, परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी आणि शीतक मनोरे ही सर्व उदाहरणे त्या परिसरातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर असतात. चिकटविण्यासाठी कापसाच्या बियाण्यांची पाकिटे, खताच्या गोण्या, सुतळी, गोणपाट, उसाचे पाचट, पऱ्हाटीची साल, जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिकेची पाने, बसची तिकिटे आणि वर्तमानपत्र मिळते. बियाण्याच्या पाकिटावर छापलेले टवटवीत बोंड आणि त्याच वर्षी रानात प्रत्यक्ष आलेले बोंड एका चित्रात शेजारी आले, तर १९१२ मध्ये वेताची वीण छापलेल्या मेणकापडाने जो प्रश्न उभा केला तोच प्रश्न गेवराई किंवा माजलगावच्या वर्गात उभा राहतो. छापलेले खरे की वाढलेले खरे?

दोन स्थानिक परंपरांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिली गोधडीची. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीला घनवादी म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तो टाळला पाहिजे. गोधडी कोणत्याही वस्तूचे चित्र काढत नाही, म्हणून वस्तू आणि पृष्ठभाग यांच्यातील ओढाताण तिच्यात संभवत नाही. आपल्या परंपरेत सर्व काही आधीच होते असे म्हटल्याने परंपरा आणि घनवाद दोन्ही न समजता राहतात. गोधडी जे शिकविते ते वेगळे आहे. तुकडा स्वतःची ओळख विसरत नाही. हा आजीच्या लुगड्याचा, हा वडिलांच्या सदऱ्याचा, असे घरातले माणूस बोट ठेवून सांगते. कोलाजमधील साहित्याची जी स्मृती समजावून सांगण्यास शिक्षकाला एरवी बरेच शब्द खर्चावे लागले असते, ती विद्यार्थी अंगावर पांघरून झोपत आला आहे.

दुसरी परंपरा दासोपंतांच्या पासोडीची. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या जाड कापडावर पंचीकरणाचा विषय अक्षरे आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. ही कृती तत्त्वज्ञानपर आहे, तिचा आधुनिक कोलाजशी ऐतिहासिक संबंध नाही. परंतु पांघरण्याचे कापड, अक्षर आणि आकृती एकाच पृष्ठभागावर येऊन अर्थ सांगू शकतात, आणि पाहणाऱ्याला त्या पृष्ठभागावरून सरकत जावे लागते, हे जिल्ह्यातील विद्यार्थ्याला परदेशी चित्राच्या छायाप्रतीपूर्वी दाखविता येते.

पाठाची मांडणी

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे सहा तासिकांचा एक क्रम सुचविता येतो. पहिल्या तासिकेत वर्गाच्या मध्यभागी एक सीताफळ, एक तांब्या आणि एक अर्धवट घडी घातलेले वर्तमानपत्र ठेवावे. विद्यार्थ्यांनी दर दहा मिनिटांनी जागा बदलून चार बाजूंनी चार लहान रेखाटने करावीत. दुसऱ्या तासिकेत वस्तू हाताळाव्यात, फळ फोडावे, तांब्यात वरून पाहावे, आणि घनभूमितीत काढतात तसे वरचे व समोरचे दृश्य काढावे. तिसऱ्या तासिकेत ही रेखाटने कापून पुठ्ठ्यावर हलवून पाहावीत. या टप्प्यावर काहीही चिकटवू नये, आणि रंग तपकिरी, करडा व काळा एवढेच ठेवावेत, म्हणजे लक्ष रचनेवर राहते. चौथ्या तासिकेत विद्यार्थ्यांनी घरून आणलेले साहित्य समोर यावे. प्रत्येक तुकडा का आणला याचे एक वाक्य त्याच्या मागे लिहावे. पाचव्या तासिकेत चिकटविणे व कोळशाने किंवा शाईने जोडरेषा काढणे, आणि सहाव्या तासिकेत चित्रे भिंतीला टेकवून एकमेकांच्या चित्रांविषयी बोलणे.

तांत्रिक बाजूही दुर्लक्षून चालत नाही. चिकटविण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची खळ स्वस्त पडते, पण ती पातळ असली की कागद सुरकुततो आणि पुठ्ठा वाकतो. पुठ्ठ्याच्या मागील बाजूसही एक कागद चिकटविला तर ताण समतोल राहतो. खळीला बुरशी व झुरळे लागू नयेत म्हणून पुस्तकबांधणी करणारे तीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने शाळेत वापरू नये, त्याऐवजी खळ रोज ताजी करावी. खताच्या व बियाण्यांच्या पिशव्या घरीच नव्हे तर शाळेतही पुन्हा स्वच्छ धुऊन वाळविल्याखेरीज मुलांच्या हाती देऊ नयेत. औषध लावलेल्या बियाण्याच्या पाकिटाची बाहेरील छापील बाजूच कापून घ्यावी आणि ते काम शिक्षकाने करावे.

मूल्यमापनाचे निकष बदलले नाहीत तर हा सर्व क्रम व्यर्थ ठरतो. चित्र पिकासोसारखे दिसते का, हा निकष नव्हे. किती दर्शने प्रत्यक्ष निरीक्षणातून आली, ती जोडताना कोणता निर्णय घेतला, आणि साहित्याची निवड सकारण आहे का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

आक्षेप आणि मर्यादा

कलाशिक्षकांकडून येणारा पहिला आक्षेप असा की, आधी नीट काढता यावे, मगच मोडावे. पिकासोचे बालपणीचे शिस्तबद्ध शिक्षण याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यात घनवाद म्हणजे मोडणे हे गृहीत धरलेले आहे. वस्तू चार बाजूंनी काढणारा विद्यार्थी एका बाजूने काढणाऱ्यापेक्षा कमी नव्हे, अधिक निरीक्षण करतो. अशा पाठाने स्थिरचित्राची तयारी बिघडण्याऐवजी पक्की होण्याचीच शक्यता अधिक आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा व मनुष्यबळाचा आहे, आणि तो खरा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरहून अधिक पटसंख्या असल्यास, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. म्हणजे लहान शाळा या तरतुदीबाहेर राहतात, आणि डोंगराळ तालुक्यांतील मुलांना त्याची झळ अधिक बसते. सहा तासिकांचा क्रम कागदावर मांडणे सोपे आहे, चित्रकलेची तासिका गणिताला दिली जाते तेथे तो राबविणे कठीण आहे. घनभूमितीचा दुवा येथे व्यवहारतः उपयोगी ठरावा. पहिल्या दोन तासिका भूमितीच्या शिक्षकाबरोबर घेता येण्यासारख्या आहेत.

तिसरी मर्यादा सर्वांत नाजूक आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले हंगामी वसतिगृहांत किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही फडावरच्या कोपीत जातात. घनवादाच्या पाठासाठी हे जीवन ‘विषय’ म्हणून वापरण्याचा मोह शिक्षकाला होऊ शकतो. कोयता काढा, कोपी काढा, पाचट चिकटवा असे सांगितले की चित्र परिणामकारक होते, प्रदर्शनात वाहवा मिळते, आणि मूल स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शक होते. हे टाळलेच पाहिजे. काय आणायचे हे मुलाने ठरवावे. कोणी पाचट आणेल, कोणी क्रिकेटपटूचा छापील फोटो आणेल. दोन्हींना सारखाच मान हवा. बाल्कन युद्धाची बातमी टेबलावर आली ती कोणी फर्मावले म्हणून नव्हे.

मात्र हेही तितकेच खरे की, ज्या मुलाचे वर्ष दोन गावांत विभागलेले आहे त्याला एकाच जागेवरून पाहिलेले जग पुरे पडत नाही. शाळेची खिडकी आणि कोपीचे दार, पाटीवरचा अभ्यास आणि बांधलेल्या मोळ्या, हे त्याच्या एका वर्षाचे दोन दर्शनबिंदू आहेत. त्यांना एका कागदावर आणण्याची रीत त्याला कोणी शिकविली नाही तर तो त्यांतील एक लपवायला शिकतो, आणि बहुधा कोणता लपवायचा हे त्याला न सांगता कळते. म्हणून या क्रमाच्या पहिल्या पाच तासिका जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे कुटुंबे निघण्यापूर्वी व्हाव्यात. चित्राचा पुठ्ठा दप्तरात मावेल एवढाच असावा, आणि स्थलांतरित विद्यार्थ्याला तो बरोबर नेऊ द्यावा. परतल्यावर त्यात एखादा तुकडा वाढलेला असेल किंवा नसेल. सहावी तासिका, बोलण्याची, अशा वर्गात एप्रिलमध्ये पुन्हा एकदा घ्यावी.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. घनवादाचे शालेय अध्यापन शैलीच्या अनुकरणात अडकले आहे आणि त्याचे एक कारण ‘घन’ या नावाचा शब्दशः घेतलेला अर्थ हे आहे. १९१२ नंतरच्या कोलाजपासून आरंभ केल्यास घनवादाचे मूळ तत्त्व, म्हणजे एका वस्तूची अनेक दर्शने जाणीवपूर्वक एकत्र आणणे, माध्यमिक विद्यार्थ्याच्या आवाक्यात येते. त्यासाठी लागणारी कौशल्ये शासकीय रेखाकला परीक्षेच्या अभ्यासक्रमात घनभूमिती, स्मरणचित्र व अक्षरलेखन या रूपांत आधीपासून आहेत, केवळ ती परस्परांपासून तुटलेली आहेत. मिश्र माध्यम म्हणजे टाकाऊ वस्तूंची सजावट नव्हे. साहित्याची ओळख चित्रात शिल्लक राहणे ही त्याची कसोटी होय. बीड जिल्ह्यातील साहित्य आणि परंपरा या अध्यापनाला अनुकूल आहेत, परंतु परंपरेला घनवादाचे लेबल लावणे आणि विद्यार्थ्याच्या हलाखीला कलाविषय करणे या दोन्हींपासून शिक्षकाने दूर राहावे.

परीक्षेच्या दालनात विद्यार्थ्याने जागा सोडू नये हा नियम योग्यच आहे. वर्गात मात्र वर्षातून निदान सहा तासिका त्याला उठून वस्तूच्या पलीकडे जाऊन पाहण्याची मुभा असावी.